पाडकामाचा पंचनामा: युद्धाच्या वर्षातलं न्यूयॉर्क आणि डॅनी लायनचे फोटो

ट्विन टॉवर्स कोसळताना सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. त्या टॉवर्सना जागा करून देण्यासाठी आधी काय काय पाडलं होतं, हे मात्र न्यूयॉर्कबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. मॅनहॅटन बेटाचं दक्षिणेकडचं टोक म्हणजे लोअर मॅनहॅटन. १९६७ च्या आसपास तिथल्या ६० एकरांहून जास्त जागेवरची बांधकामं उतरवली जात होती. बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या, विटांच्या, चार-पाच मजली इमारती. खाली दुकान किंवा गोदाम, वर छोटे कारखाने, कुठे कुठे राहत्या खोल्या. पश्चिमेला वर्ल्ड ट्रेड सेंटरची जागा, तिच्या उत्तरेला वॉशिंग्टन मार्केट या घाऊक बाजाराच्या पट्ट्याचा पुनर्विकास, पूर्वेला ब्रुकलिन ब्रिजच्या पायथ्याशी नवी घरं, रस्ते आणि पेस कॉलेजची वाढ. योजना वेगवेगळ्या, पण पहार आणि घण सगळीकडे जवळपास एकाच वेळी पडले.

हे चालू असताना डॅनी लायन नावाचा पंचविशीतला फोटोग्राफर त्याच भागात, बीकमन स्ट्रीटला राहायला आला होता. जन्म १९४२ चा. त्याआधी तो दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या एसएनसीसी या संघटनेसाठी नागरी हक्क चळवळीचे फोटो काढत होता आणि मग शिकागोकडच्या मोटरसायकल टोळीबरोबर फिरला. म्हणजे सवय माणसांच्या घोळक्यात शिरण्याची. इथे समोर आल्या त्या फळ्या ठोकलेल्या खिडक्या आणि ओस रस्ते. त्याने तेच टिपलं. १९६९ मध्ये मॅकमिलनने पुस्तक काढलं: ‘द डिस्ट्रक्शन ऑफ लोअर मॅनहॅटन’. ते खपलं नाही, उरलेल्या प्रती एकेका डॉलरला काढून टाकल्या गेल्या. पुढे त्याच आवृत्तीच्या मागे संग्राहक लागले, आणि २००५ मध्ये पुस्तक पुन्हा छापलं गेलं. तोवर टॉवर्सही राहिले नव्हते.

या कामाला मी पंचनामा म्हणतो. पंचनाम्यात जागा लागते, वेळ लागते, समोर काय होतं ते लागतं आणि पाहणारा साक्षीदार लागतो. रडणं किंवा ओरडणं त्यात बसत नाही. लायनच्या फोटोखाली रस्त्याचं नाव असतं, इमारतीचा नंबर असतो, कुठून कुठे पाहिलं ते असतं. एका फोटोची ओळ तर एवढीच: ब्रुकलिन ब्रिजची जागा, बीकमन हॉस्पिटलच्या गच्चीवरून. आता प्रश्न असा की हा पंचनामा खाजगीरीत्या करायची वेळ का आली. सरकारने मोजमाप केलंच होतं की. केलं होतं, पण कायद्याला जे मोजता येत होतं तेवढंच.

एवढं पाडायची परवानगी आली कुठून?

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेच्या मोठ्या शहरांत घरांची टंचाई होती आणि जुन्या वस्त्या खिळखिळ्या झाल्या होत्या. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने एक व्यवस्था बसवून दिली. शहराने एखादा जुना भाग ताब्यात घ्यायचा, माणसं हलवायची, इमारती पाडायच्या आणि मोकळा भूखंड विकासकाला स्वस्तात द्यायचा. या घेण्या-देण्यात जो तोटा होईल त्याचा दोन तृतीयांश वाटा केंद्र सरकार भरणार. तोट्याचा मोठा हिस्सा परस्पर दुसरा कुणी उचलतोय म्हटल्यावर महापौरांना पाडकाम परवडायला लागलं, यात नवल नाही.

पण मालकाने जागा द्यायला नकार दिला तर? भूसंपादनाचा अधिकार सरकारला होताच, अट होती ‘सार्वजनिक उपयोगा’ची. रस्ता, शाळा, धरण यांचा उपयोग कुणालाही कळतो. पण एकाची जागा घेऊन दुसऱ्या खाजगी विकासकाला देणं सार्वजनिक कसं? राजधानी वॉशिंग्टनमधल्या एका दुकानाच्या बाबतीत हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दुकान चांगल्या स्थितीत आहे, ते झोपडपट्टी नाही, असं मालकाचं म्हणणं. १९५४ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की एकेक इमारत तपासायची गरज नाही, अख्खा भाग बिघडलेला ठरवून अख्खा घेता येतो. त्यानंतर चांगलं दुकान आणि पडकं घर यांतला फरक कागदावर संपला. याचा फटका कुणाला जास्त बसला, हे लेखक जेम्स बॉल्डविनने १९६३ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत स्पष्ट सांगितलं होतं: नागरी पुनर्विकास म्हणजे कृष्णवर्णीयांना हटवणं. लोअर मॅनहॅटनची गोष्ट त्यापेक्षा थोडी वेगळी आहे. इथे वस्ती कमी आणि धंदे जास्त होते.

त्यातला सगळ्यात गाजलेला पट्टा म्हणजे कॉर्टलंट स्ट्रीटवरची ‘रेडिओ रो’. रेडिओ, व्हॉल्व्ह, तारा, सुटे भाग यांची दुकानं, माल फुटपाथपर्यंत आलेला. महायुद्धानंतर लष्कराचं उरलेलं इलेक्ट्रॉनिक सामान इथे येऊन विकलं जाई आणि हौशी लोक खोके उपसत बसत. एका युद्धाच्या शिलकीवर भरभराटलेला हा बाजार व्हिएतनामचं युद्ध चालू असताना गेला. जागा घेतली पोर्ट ऑथॉरिटीने. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांची ही संयुक्त संस्था, काम बंदरं, पूल, बोगदे, विमानतळ सांभाळायचं. १९६२ च्या कायद्याने तिला हडसन नदीखालची तोट्यातली रेल्वे चालवायला घ्यायला लावलं आणि त्याच दमात वर्ल्ड ट्रेड सेंटर बांधायचा अधिकार दिला. दुकानदार कोर्टात गेले. खटल्यावर नाव आहे ‘कर्टसी सँडविच शॉप’ या खाण्याच्या दुकानाचं. १९६३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने पोर्ट ऑथॉरिटीच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती व्हॅन व्हुऱ्हिस यांनी वेगळं मत नोंदवलं. ‘सार्वजनिक हेतू’ इतका सैल केला तर त्यात काहीही बसेल, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात हात घातला नाही.

भरपाईचं गणित इथे नीट पाहण्यासारखं आहे. जमिनीला भाव मिळतो, इमारतीला मिळतो, आणि हे पैसे जातात मालकाकडे. रेडिओ रोचे बहुतेक दुकानदार भाडेकरू. त्यांचा धंदा म्हणजे ती गल्ली, बाजूचं दुकान, शनिवारची गर्दी, नाव ऐकून येणारं गिऱ्हाईक. या चालत्या धंद्याची किंमत भूसंपादनात धरत नसत. हलण्यासाठी म्हणून ३,००० डॉलर देऊ केले गेले, दुकान नवं असो की तीस वर्षांचं. तीनशेहून जास्त धंदे असे उठले. १९६६ च्या मार्चमध्ये पाडकाम सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये ट्रेड सेंटरचं काम.

युद्ध या फोटोंत कुठे आहे?

दिसत नाही. १९६७ संपताना व्हिएतनाममध्ये सुमारे ४ लाख ८५ हजार अमेरिकी सैनिक होते. त्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये बोलले की गरिबीशी लढायला ठेवलेला पैसा आणि माणसं हे युद्ध खाऊन टाकतंय. जुलैमध्ये नदीपलीकडच्या न्यूअर्कमध्ये दंगल पेटली, २६ माणसं मेली. महिना संपायच्या आत डेट्रॉइटमध्ये ४३. शहरं जळत होती आणि पलीकडे एक शहर शांतपणे, पगारी माणसं लावून, कार्यालयीन वेळेत उतरवलं जात होतं. लायनच्या चौकटींत ना मोर्चा आहे ना सैनिक. त्या वर्षीच्या वाचकाला मात्र विटांचा ढिगारा बघून दुसरे ढिगारे आठवल्याशिवाय राहिले नसतील. संध्याकाळच्या बातम्यांत ते येतच होते.

पण युद्धाचा एक धागा इथे थेट येऊन मिळतो आणि मला तो सगळ्यात रंजक वाटतो. लोअर मॅनहॅटनमधली गोदामं आणि घाऊक बाजार होते ते धक्क्यांमुळे. जहाज लागायचं, हमाल पोती-पेट्या उतरवायचे, माल दोन गल्ल्या आत येऊन साठायचा. १९५६ मध्ये न्यूअर्कहून पहिलं कंटेनर-जहाज निघालं. कंटेनरला क्रेन लागते, मोकळी शेकडो एकर जागा लागते, रुंद रस्ते लागतात. मॅनहॅटनच्या चिंचोळ्या धक्क्यांवर यातलं काहीच नव्हतं. समोर न्यू जर्सीत एलिझाबेथला खास कंटेनरसाठी बंदर उभं राहिलं, १९६२ मध्ये सुरूही झालं. बांधणारी संस्था? तीच पोर्ट ऑथॉरिटी. ज्या कंपनीने हा धंदा सुरू केला, ती सी-लँड, तिला १९६७ मध्ये लष्कराचं सामान कंटेनरमधून व्हिएतनामला पोचवायचं कंत्राट मिळालं. आधी व्हिएतनामच्या बंदरांत जहाजं आठवडेच्या आठवडे खोळंबून असायची. कंटेनरने तो गुंता सोडवला आणि ही पद्धत समुद्रापार चालते हे सिद्ध झालं.

तेव्हा लायनच्या फोटोतलं रिकामं गोदाम नुसतं ‘जुनं झालं म्हणून पाडलं’ या खात्यात टाकता येत नाही. त्याचं काम नदीपलीकडे गेलं होतं, ते नेणारी संस्था त्याच परिसरात मनोरे बांधत होती, आणि नव्या पद्धतीला पक्कं गिऱ्हाईक मिळालं होतं ते युद्धाचं. यातलं काहीच फोटोत मावत नाही. पण हे माहीत असलं की फोटो जास्त बोलतो. वॉशिंग्टन मार्केटचंही तसंच. भाजी-फळांचा तो घाऊक बाजार १९६७ मध्ये ब्राँक्समधल्या हंट्स पॉइंटला हलवला गेला. मागे राहिले ते पत्र्याचे छज्जे आणि घाऊक व्यापाऱ्यांच्या पाट्या.

फोटो काढतात कसा आणि वाचतात कसा

मोबाइलवर उंच इमारतीचा फोटो काढून पाहा. इमारत मागे कलल्यासारखी दिसते, वर निमुळती होत जाते. कारण आपण कॅमेरा वर उचलतो. इमारतींचे फोटो काढणारे यासाठी तिपाईवरचा मोठा व्ह्यू कॅमेरा वापरत. पुढे भिंग, मागे दुधी काच, मध्ये भात्यासारखी घडीची पिशवी. कॅमेरा जमिनीला समांतर ठेवायचा आणि फक्त भिंगाची पाटी वर सरकवायची, की इमारतीच्या उभ्या रेषा उभ्याच राहतात. काचेवर चित्र उलटं दिसतं, तेही डोक्यावर काळं कापड घेऊन बघावं लागतं. फिल्मचा रोल नाही. चार बाय पाच इंचांचा एकेक तुकडा घालायचा, एकच फोटो, पुन्हा दुसरा तुकडा. लायननेही या कामात असा मोठा कॅमेरा वापरला. ही कटकट कशासाठी? एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर दुकानाच्या पाटीची अक्षरं, विटेविटेमधला चुना, खिडकीतली फुटकी काच, सगळं उमटतं. पन्नास वर्षांनी कुणी भिंग घेऊन बसला तरी त्याला वाचता येतं. कोसळणारी भिंत पकडायची तर मात्र हातातला छोटा कॅमेराच हवा.

या फोटोंत काय बघायचं ते एका उदाहरणाने सांगतो. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारती एकमेकींना चिकटून असतात. मधली एक पाडली की शेजारच्या भिंतीवर तिची सावली उरते. बारकाईने बघितलं तर मजले मोजता येतात: जिथे जमीन टेकलेली होती तिथे तुळयांची भोकं एका ओळीत. दोन मजल्यांमध्ये तिरकी जाणारी पुसट रेघ म्हणजे जिना. वरपर्यंत गेलेला काळा पट्टा म्हणजे धुराडं. प्रत्येक मजल्यावर गिलाव्याचा रंग निराळा, एखाद्या चौकोनात वॉलपेपरची फुलं अजून शाबूत, म्हणजे तिथे कुणी राहत होतं. बाकी मजल्यांवर नुसता चुना, म्हणजे माल ठेवत असणार. सरकारी मोजणीत ही इमारत एक आकडा होती, इतके चौरस फूट, इतकी किंमत. राहणं आणि माल साठवणं यांतला फरक भिंतीने सांगितला. आणि तोही दोन-चार दिवसांपुरता. नंतर पहार त्या भिंतीवर आली.

पहारवाल्यांबद्दल सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अशा विटांच्या इमारती बहुतांशी हातानेच उतरवत. वरून खाली, मजला मजला करत. आधी विकण्याजोगं काढायचं, शिशाचे नळ, तांबं, चांगल्या तुळया. मग भिंतीवर उभं राहून त्याच भिंतीची वीट पायाखालून काढायची. राडारोडा आतल्या पोकळीतून खाली सोडायचा आणि ट्रकने न्यायचा. कामगार उभा असतो त्या भिंतीची रुंदी दीड-दोन विटा, पलीकडे काही नाही. लायनने या माणसांची पोर्ट्रेट्स काढली, मुकादमांचीसुद्धा, आणि त्यांना खलनायक केलं नाही. उलट प्रस्तावनेत तो त्यांच्या बाजूने उभा राहतो: ताशी साडेपाच डॉलरसाठी जीव धोक्यात घालणारे हे कामगार दुसऱ्या कामगारांनी कधीकाळी रचलेली भिंत वीट वीट करून उतरवतायत, असं त्याचं म्हणणं. तेव्हाचं केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन ताशी १.४० डॉलर होतं, म्हणजे मजुरी वाईट नव्हती. जोखीम त्याहून मोठी होती.

इतिहासात डोकावलं तर असे पंचनामे नवे नाहीत. पॅरिसच्या गल्ल्या शहराची नवी आखणी करणाऱ्या हौसमानने पाडायच्या आधी शार्ल मार्व्हिलने १८६० च्या दशकात त्यांचे फोटो काढले, ग्लासगोच्या दाट वस्त्यांचे टॉमस अ‍ॅननने. पण ते काम त्यांना पाडणाऱ्यांच्या बाजूनेच दिलेलं. १९३० च्या दशकात बेरेनिस अ‍ॅबटने सरकारी रोजगार योजनेतून न्यूयॉर्क टिपलं, तिचा डोळा बदलत्या शहरावर होता. लायन वेगळा दिसतो तो या बाबतीत की त्याने इमारत आणि तिला पाडणारा हात एकाच पुस्तकात ठेवले.

जपणुकीचा कायदा नव्हता का? होता, नुकताच आला होता. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्याच पेनसिल्व्हेनिया रेल्वे स्टेशनवर घण पडायला लागला, लोक हळहळले, आणि १९६५ मध्ये शहराने वारसा इमारतींचा कायदा केला. वॉशिंग्टन मार्केटच्या पट्ट्यात त्या कायद्याची परीक्षा कशी झाली ते ऐका. वॉशिंग्टन आणि मरे स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जेम्स बोगार्डसने १८४९ मध्ये बांधलेली लेंग स्टोअर्सची इमारत होती, दर्शनी भाग अख्खा ओतीव लोखंडाचा. १९७० मध्ये तिला वारसा दर्जा मिळाला. पुनर्विकासाच्या आड येत होती म्हणून १९७१ मध्ये तो लोखंडी दर्शनी भाग जपून सुटा केला आणि दुसरीकडे उभारू म्हणून मोकळ्या जागेत ठेवला. १९७४ मध्ये चोरांनी त्यातले दोन तृतीयांश तुकडे फोडून भंगारात विकले. वारसा आयोगाच्या अध्यक्षांनी पत्रकारांच्या खोलीत धावत येऊन माझी एक इमारत चोरीला गेली असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. उरलेले तुकडे कुलूपबंद जागेत हलवले. १९७७ मध्ये तेही नाहीसे झालेले आढळले. दर्जा मिळाला, कागदावर इमारत वाचली, वस्तू गेली.

लायनच्या कामाची एक मर्यादाही सांगायला हवी. त्याने सुरुवात केली तोवर रेडिओ रो बरीचशी पडली होती. जे दुकानदार भांडले, ज्यांनी १९६२ मध्ये ‘छोट्या व्यापाऱ्या’ची प्रतीकात्मक प्रेतयात्रा काढली, ते त्याच्या चौकटीत नाहीत, त्यांच्यासाठी वर्तमानपत्रांतले फोटो शोधावे लागतात. ज्या खोल्यांत नकाशांवर रेघा ओढल्या गेल्या तिथे तर कुठलाच फोटोग्राफर नव्हता. त्यामुळे नुसतं पुस्तक चाळलं तर शहर आपोआप म्हातारं होऊन पडलं असं वाटू शकतं, आणि काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या देखणेपणामुळे तसं वाटणं सोपं जातं. ज्याला हा विषय नीट समजून घ्यायचा आहे त्याने पुस्तकाशेजारी १९६३ चा तो निकाल ठेवावा, बहुमताचा आणि व्हॅन व्हुऱ्हिस यांचाही. सँडविचच्या दुकानाचं नाव निकालाच्या पहिल्या ओळीत आहे. त्या दुकानात टेबलं किती होती, पाटी कशी होती, दुपारी कोण जेवायला यायचं, याचा तिथे एक शब्द नाही.